मेंदूच्या अभ्यासात सहभागी होताना



'तुमच्या मेंदूचा अभ्यास करायचा आहे, याल का?' असं कुणी आपल्याला विचारलं, तर मनात पहिल्यांदा काय येईल? 'माझ्या डोक्यात काही बिघाड आहे, असं यांना वाटतंय की काय?' हेच येईल. घरी सांगितलं, तर एक जण म्हणेल, 'कशाला नसती उठाठेव? डोक्याला शॉक देतील.' दुसरा म्हणेल, 'जा की! फुकटात एमआरआय होतोय. बाहेर हजारो रुपये मोजावे लागतात.' पहिल्याला भीती वाटते, दुसऱ्याला फायदा दिसतो. पण अशा अभ्यासात नेमकं काय करतात, हे दोघांनाही ठाऊक नसतं. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर एका संस्थेच्या नीती समितीवर, म्हणजे ज्याला एथिक्स कमिटी म्हणतात तिथं, सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. माणसांवर कोणतंही वैद्यकीय संशोधन करायचं, तर आधी अशा समितीची परवानगी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा. डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा हवा आणि एक माझ्यासारखा, वैद्यक न शिकलेला माणूसही हवा. माझं काम सोपं असतं. लोकांना द्यायचं माहितीपत्रक मी वाचते आणि विचारते, 'हे आमच्या गल्लीतल्या माणसाला कळेल का?' एकदा 'संज्ञानात्मक कार्यक्षमतेचे मूल्यमापन' असं छापून आलं होतं. मी म्हटलं, 'स्मरणशक्ती आणि लक्ष यांची चाचणी' असं लिहा. पुढे वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका दुसऱ्या शहरातल्या स्मरणशक्तीच्या अभ्यासात मी स्वतःही सहभागी झाले. त्यामुळे टेबलाची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत.

आता पहिला प्रश्न. संशोधकांना धडधाकट माणसं कशाला लागतात? आजारी मेंदूत काय बिघडलं, हे कळायचं तर निरोगी मेंदू कसा चालतो ते आधी माहीत हवं. आणि मेंदू काही सगळीकडे एकाच परिस्थितीत वाढत नाही. शिक्षण, आहार, भाषा, कामधंदा या सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होतो. परदेशातल्या महाविद्यालयीन मुलांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्या विणकराला किंवा शेतमजूर बाईला जसाच्या तसा लावता येत नाही.

भाषेचंच घ्या. आपल्या सोलापुरात घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारा माणूस काही दुर्मीळ नाही. शिवाय उर्दू आणि हिंदी आहेच. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही, पण मेंदूच्या अभ्यासकांना वाटतं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येही हा फरक दिसला. सर्वच देशांतल्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही आणि शास्त्रज्ञांत त्यावर वाद आहे. पण हा वाद मिटवायचा तर अनेक भाषा सहज बोलणारी माणसंच अभ्यासाला लागतील. ती आपल्यासारख्या गावांतच भेटणार.

सामान्य माणसांच्या सहभागातून काय हाती लागतं, याचं एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. गरोदर बायकांचा आहार कसा आहे आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे पाहायचं होतं. जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षं घेत राहिले. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या स्मरणशक्तीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेतल्या. ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगायचे, रंगीत वर्तुळांतले आकडे क्रमाने रेषेने जोडायचे, अशा त्या चाचण्या होत्या. गरोदरपणात ज्या आईच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व फार कमी होतं, तिची मुलं या दोन चाचण्यांत मागे पडलेली दिसली.

गोष्ट इथं थांबत नाही. ही मुलं सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर, २०१२ साली, त्यांच्यातच एक नवा प्रयोग सुरू झाला. काहींना ब-१२ची गोळी, काहींना ब-१२बरोबर इतर पोषक द्रव्यं आणि काहींना दिसायला तशीच पण त्यातलं काहीच नसलेली गोळी. पुढे यांतल्या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. ती मुलं दोन-अडीच वर्षांची झाल्यावर त्यांच्याही आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्या झाल्या. नुसतं ब-१२ घेतलेल्या आयांच्या मुलांना, काहीच नसलेली गोळी घेतलेल्यांच्या मुलांपेक्षा जास्त गुण मिळाले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. संख्या लहान होती, म्हणून तो अंतिम शब्द नाही. पण विचार करा, आजी, आई आणि नातवंडं अशा तीन पिढ्या एका अभ्यासात सहभागी झाल्या. त्या सहा खेड्यांतल्या माणसांनी दार उघडलं नसतं, तर हे कुणाला कळलं असतं?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा: संशोधन म्हणजे उपचार नव्हे. दवाखान्यात आपण जातो तेव्हा डॉक्टर आपल्यासाठी काम करत असतो. संशोधनात आपण जातो तेव्हा एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आपण मदत करत असतो. डॉक्टर तेच, पांढरा कोट तोच, इमारतही कदाचित तीच. म्हणून माणसाची गल्लत होते.

माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत. त्यांचे यजमान जन्मभर गिरणीत साच्यावर काम केलेले. आता त्यांना विसरण्याचा आजार जडला आहे. स्वतःच्या मुलीला ते 'ताई, तुम्ही कोण?' असं विचारतात. एका अभ्यासासाठी त्यांना बोलावलं होतं. बाईंनी तिथल्या तरुण संशोधिकेला विचारलं, 'यंत्रात घातल्यावर यांना आठवायला लागेल ना?' त्या मुलीनं खरं तेच सांगितलं. म्हणाली, 'नाही मावशी. यांना याचा फायदा होईल असं मी सांगू शकत नाही.' बाई गप्प झाल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, 'मग माझ्या पोरांच्या वेळेला तरी उपयोग होईल का?' संशोधिका म्हणाली, 'कदाचित. तेही नक्की नाही.' बाई म्हणाल्या, 'बरं, घ्या मग. पण ते कंटाळले तर मी घेऊन जाणार.' श्रोतेहो, माहितीपूर्वक संमती म्हणतात ती हीच. त्या बाईंना काय मिळणार नाही हे कळलं होतं, आणि ते कळूनही त्यांनी होकार दिला. शिवाय उठून जाण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला.

या हक्कामागे इतिहास आहे. मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे त्यांचं धाडस आपण कौतुकानं सांगतो. त्याच महिन्यात पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले होते, असं सांगितलं जातं. पण कोठडीतला माणूस साहेबाला 'नाही' कितीसं म्हणू शकतो? आजच्या नियमांनी कैद्यांना विशेष संरक्षण दिलेलं आहे. ज्यांना नकार देणं अवघड जातं, अशा इतरांचाही त्यात समावेश आहे: लहान मुलं, मानसिक आजार असलेले, प्राध्यापकाच्या हाताखालचे विद्यार्थी, संस्थेतले कर्मचारी. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून कुणी सही करत असेल, तर ती संमती धरता येत नाही.

मग संमतिपत्रात काय असायला हवं? अभ्यास कशासाठी आहे, तुमच्याकडून काय हवं आहे, किती वेळ जाईल, त्रास किंवा धोका कोणता, फायदा असेल तर कोणता, माहिती गुप्त कशी राहील, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देईल, आणि कोणाला फोन करायचा. हे सर्व तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठी येत नसेल तर तेलुगूत मागा, कन्नडमध्ये मागा. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवायला हवं आणि मग अंगठा. सात ते अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार लागतो. कागदाची एक प्रत तुमची असते, ती मागून घ्या. आणि लगेच सही करू नका. 'घरी विचारून सांगतो' असं म्हणायला अजिबात संकोच करू नका.

आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय घडतं, ते पाहू. सुरुवातीला प्रश्न विचारतात. आजार कोणते, औषधं कोणती, तंबाखू-दारू किती, झोप कशी, शिक्षण किती, भाषा कोणत्या. 'तुम्ही डावखुरे आहात का?' असंही विचारतात. हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येतं. पण उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं. डावखुऱ्यांमध्ये त्याला अपवाद अधिक सापडतात. तुलना सोपी व्हावी म्हणून काही अभ्यासांत डावखुऱ्यांना घेत नाहीत. तुम्हाला नाकारलं, तर तुमच्यात काही उणं आहे असं समजू नका. आणि उत्तरं खरी द्या. लाजेपोटी दारू लपवली, झोपेच्या गोळ्या लपवल्या, तर अभ्यास तर बिघडतोच, पण कधी कधी तुम्हालाच धोका होतो.

त्यानंतर चाचण्या. शब्दांची यादी ऐकून पुन्हा सांगायची, घड्याळ काढून दाखवायचं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं घ्यायची. मी जन्मभर परीक्षा घेतल्या, पण इथं बसल्यावर मलाही घाम फुटला. वीस मिनिटांपूर्वी ऐकलेल्या शब्दांतले निम्मे आठवले आणि बाकीचे काही केल्या आठवेनात. समोरची मुलगी म्हणाली, 'काकू, ही परीक्षा नाही. चाचणी मुद्दाम अवघड होत जाते. कुठंतरी प्रत्येकाचं अडतंच.' हे खरं आहे. सगळ्यांना सगळं आलं, तर माणसामाणसांतला फरक मोजणार कसा? म्हणून नापास झालो असं मनाला लावून घेऊ नका. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र मात्र बरोबर न्या. न दिसल्यामुळे चुकलेलं उत्तर हा मेंदूचा दोष नव्हे.

पुढची पायरी असते ईईजीची. मेंदूच्या पेशींमध्ये अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह असतात. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून त्यांची पहिली नोंद घेतली. आज त्यासाठी डोक्याला चकत्या चिकटवतात किंवा टोपी घालतात. संशोधनात अशा चकत्या बत्तीस, चौसष्ट किंवा त्याहून जास्तही असतात. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ईईजीत डोक्यात वीज सोडत नाहीत. जी आहे तिची फक्त नोंद घेतात, जसा ताप मोजताना थर्मामीटर अंगात उष्णता घालत नाही. शॉकची भीती इथं निराधार आहे. अडचण असते ती तेलाची. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. तेलकट डोक्यावर चकत्या नीट चिकटत नाहीत. नंतर केसांत चिकट मलम राहतं, ते पाण्यानं निघून जातं. डोळे मिटा, उघडा, पडद्यावरचं चित्र पाहा, असं सांगतात. तास-दीड तास जातो. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणाऱ्या ज्या लाटा दिसतात, त्या बर्गरनंच प्रथम पाहिल्या.

मेंदूला बाहेरून चुंबकानं किंवा सौम्य विजेनं चेतवून पाहणारे अभ्यासही असतात, पण ते वेगळे. ते असतील तर संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं. फिट येण्याचा त्रास कधीही झाला असेल, तर तिथं तो सांगायलाच हवा.

आणि शेवटी एमआरआय. यात क्ष-किरण नसतात, प्रबळ चुंबक असतो. तीन टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा पन्नास हजार पटींहून अधिक असतं. आणि तपासणी चालू नसली तरी हा चुंबक सुरूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता, नातेवाइकाबरोबर आलेला होता. म्हणून त्या खोलीचे नियम तपासणीला आलेल्या माणसाइतकेच सोबतच्या माणसानंही पाळायचे असतात.

अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचं. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, बांगड्या, केसांतल्या पिना, ब्लाऊजची सेफ्टी पिन, गळ्यातला ताईत, चांदीचा करदोटा, घड्याळ, मोबाइल. जरीची साडी नको. तिथं सुती कपडे देतात. मंगळसूत्र काढताना पुष्कळ बायकांचा हात अडखळतो. सोन्याला चुंबक ओढत नाही हे खरं, पण फासा, तार कशाची आहे कोण सांगणार? शिवाय यंत्रात धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडतं. मी माझं काढून नणंदेच्या हातात दिलं आणि आत गेले. शरीराच्या आत काही बसवलेलं असेल, पेसमेकर, मेंदूच्या शस्त्रक्रियेतली क्लिप, हाडातली पट्टी, तर ते आधी सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असतो. तो चुंबकामुळे हलू शकतो. गोंदण असेल तर तेही सांगा. दिवस गेले असण्याची शक्यता असली, तर संकोच न करता सांगावं.

आत आडवं झालं की पलंग एका बोगद्यात सरकतो. आवाज फार मोठा असतो. ठकठक, घरघर, मागावर बसलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा. कानांत बोळे देतात. अर्धा ते पाऊण तास डोकं हलवायचं नसतं. नाकाला खाज आली तरी थांबायचं. हातात रबराचा एक फुगा देतात. जीव घाबरला की तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा. काही वेळा आत पडद्यावर चित्रं दाखवतात आणि मेंदूचा कोणता भाग काम करतो ते पाहतात. काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त जातं, त्यावरून हे कळतं. यातून तुमच्या मनातले विचार कुणी वाचत नाही. पिन नंबर, जुनी भांडणं, घरातली गुपितं सगळी सुरक्षित राहतात. शिरेतून औषध टोचणार का, हे मात्र विचारून घ्या. आणि पेट किंवा सीटी स्कॅन असेल, तर त्यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो किती हेही विचारा.

नंतर घरी आल्यावर शेजारी विचारतात, 'काय निघालं?' याचं उत्तर बहुधा 'काही सांगितलं नाही' असं असतं. संशोधनातला एमआरआय अनेकदा रोग शोधण्याच्या पद्धतीनं घेतलेलाच नसतो. तो पाहणारा माणूस डॉक्टरच असेल, असंही नाही. 'फुकटात तपासणी झाली' असं समजून बसू नका. तरीही कधी कधी अचानक काही दिसतं. सुमारे साडेएकोणीस हजार निरोगी लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २००९ मध्ये घेतला गेला. त्यात साधारण सदतिसांत एकाच्या मेंदूत काहीतरी अनपेक्षित आढळलं होतं. यांतलं पुष्कळसं निरुपद्रवी असतं. पण कळल्यावर झोप उडते, पुढच्या तपासण्या येतात, खर्च येतो. म्हणून सही करण्याआधीच विचारा, 'काही दिसलं तर मला सांगणार का? कोण सांगणार? पुढं काय करायचं?' आणि आपल्याला ते कळायला हवं आहे का, याचा विचार आधी करून ठेवा.

गुप्ततेचं काय? मेंदूच्या अभ्यासातली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती पन्नासहून अधिक वर्षं फक्त दोन अक्षरांनी ओळखली जात होती: एच. एम. हा अमेरिकन तरुण. अपस्माराचा त्रास थांबावा म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूचा काही भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवीन काहीच लक्षात राहीना. रोज भेटणारी माणसंही त्याला नवी वाटत. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी काढायला दिली. दिवसेंदिवस तो ती अधिक चांगली काढू लागला, पण आपण ती कधी काढली होती, हे त्याला आठवत नसे. हाताला येणारं कौशल्य आणि मनातली आठवण यांच्या जागा मेंदूत वेगळ्या आहेत, हे जगाला त्याच्यामुळे कळलं. हेन्री मोलेसन हे त्याचं नाव जाहीर झालं ते २००८ मध्ये तो वारल्यानंतर. तुमच्याही कागदावर नावाऐवजी क्रमांक असायला हवा. रक्त किंवा लाळ घेतली, तर ती किती वर्षं ठेवणार आणि दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, हे विचारा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या वतीनं जवळचा नातेवाईक संमती देऊ शकतो. पण म्हणून रुग्णाला विचारायचंच नाही, असं नाही. त्याला जेवढं समजेल तेवढं सांगायचं. त्यानं हात झटकला, उठून जायला लागला, तर तो नकारच समजायचा.

औषधाची चाचणी असेल, तर आणखी एक गोष्ट. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. बहुधा ते तुम्हालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. अशा चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. शिकलेल्या नातवाला बसवा आणि शोधायला सांगा. पैशाचं म्हणाल, तर येण्या-जाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी मिळू शकते. ती मागण्यात कमीपणा नाही. पण इतके पैसे देऊ नयेत की धोका दिसत असूनही गरजू माणूस मोहात पडेल. आणि अभ्यासात घेण्यासाठी कुणी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, बँकेची माहिती किंवा ओटीपी विचारत असेल, तर तिथून सरळ निघून या.

मधेच सोडावंसं वाटलं तर? सोडा. कारण सांगण्याचं बंधन नाही आणि त्यामुळे त्या रुग्णालयातले तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. एवढंच करा, न सांगता गैरहजर राहण्याऐवजी फोन करून कळवा. औषध चालू असेल तर ते कसं बंद करायचं, हेही विचारून घ्या.

श्रोतेहो, ज्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले आणि १९३८ साली परक्या देशातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेले, त्या गावाला स्वेच्छेने पुढे होण्याचा अर्थ मी काय सांगावा? मेंदूच्या अभ्यासात जायला तेवढं धैर्य लागत नाही. एक सकाळ लागते, तेल न लावलेलं डोकं लागतं आणि प्रश्न विचारणारं तोंड लागतं. कुणी बोलावलं, तर घाबरून दार लावू नका आणि फुकट काही मिळतंय म्हणून धावूही नका. आधी विचारा: यातून मला काय मिळणार, काय मिळणार नाही, आणि मला उठून जायचं असेल तर? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा संशोधक भेटला, तर जरूर जा. उत्तरं मिळाली नाहीत, तर नम्रपणे नाही म्हणा. तुमचा होकार जेवढा मोलाचा आहे, तेवढाच तुमचा नकारही आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)